अकरा बटाटे, दहा साली

त्या रविवारी विनीला चार गोष्टी मिळायच्या होत्या, आणि चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिनं त्या बोटांवर मोजूनही घेतल्या होत्या. एक, पिठाच्या पेटीची किल्ली. नऊ वर्षं ती सासूच्या कमरेला होती, आणि सासू झोपली तरी किल्ली झोपत नव्हती. दोन, चुलीशेजारची भिंतीकडची बैठक, जिथं दारातला वारा पोचत नाही. तीन, नणंद सेलियाचं लग्न, म्हणजे घरातलं एक खाणारं तोंड आणि दोन ऐकणारे कान कमी. चौथी गोष्ट कुणाला सांगितली असती तर हसू झालं असतं. विनीला बटाटे आपल्या मनासारखे उकडायचे होते.

रुएनांच्या घरात, म्हणजे विनीच्या सासरी, बटाट्यात हाड ठेवायची रीत होती. बटाटा बाहेरून शिजलेला, आतून गाभा कच्चा. तो गाभा पोटात दगडासारखा बसतो आणि पुढच्या जेवणापर्यंत माणसाला भुकेची आठवण होत नाही. सासू ओनोरा ही रीत अठराशे सत्तेचाळीसच्या, बटाटे सडल्याच्या दुष्काळातून घेऊन आली होती. बाकी त्या दुष्काळातून तिनं काही आणलं नव्हतं. आई आणि दोन भाऊ तिथंच ठेवून आली. त्याला बत्तीस वर्षं झाली. आता घरात बटाटे होते, ताक होतं, सणाला मिठातला हेरिंग मासाही होता, पण हाड काही निघालं नाही. विनीच्या माहेरी बटाटे साल फुटून हसेपर्यंत उकडत. हसरा बटाटा पुन्हा खायला मिळावा म्हणून ती नऊ वर्षं थांबली होती.

"सेलियाचं जमलं की किल्ली तुझी," असं ओनोरानं जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. "मग मी पाहुणी. पण नव्या बटाट्यांचं जेवण नीट पार पाड. फेस्टस जेनिंग्जच्या नजरेला काही खुपलं, तर मग तू आहेस आणि मी आहे."

जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे नवे बटाटे. त्याआधी वाफ्यात फावडं घालायचं नाही. मग जुने बटाटे संपलेले असोत, पेटीतल्या मक्याच्या पिठाचा तळ दिसत असो, नाहीतर माणसं बांधावरचा आग्या पाला उकडून खात असोत. आधी खणणाऱ्या घराला लोक उतावळ्या हाताचं घर म्हणायचे, आणि उतावळ्या हाताच्या घरची मुलगी कुणी करून घ्यायचं नाही. फेस्टस आज मुलाला घेऊन जेवायला येणार होता तो याचसाठी. आधी बटाटे बघायचे, आणि बटाट्यांच्या आडून मुलगी.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती, आणि ती विनीखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. दहा दिवसांपूर्वी तिनं खणलं होतं.

तिचा चार वर्षांचा मुलगा पीटर तीन दिवस मक्याची लापशी ओकत होता. घरातले सगळे दलदलीवर जळणाच्या ढेपा रचायला गेल्याचं बघून विनी चराकडच्या शेवटच्या वाफ्यापाशी बसली, हातानं माती उकरली, गोटीएवढे चौदा बटाटे काढले, आणि त्यांची सहाही रोपं होती तशी मातीत उभी करून ठेवली. बघणाऱ्याला वाफा भरलेला दिसावा. चौदातले तेरा पीटरनं दोन दिवसांत खाल्ले. एक विनीनं खाल्ला. तो पुरता हसलेला होता.

मिस्साहून परतताना ओनोरा शेताच्या कडेला थांबली. चुलीच्या धुरानं तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड आणि अंधार तेवढे कळायचे. बाकीचं घर ती नाकानं आणि बोटांनी चालवायची, आणि डोळस माणसांपेक्षा कमी चुकायची.

"मायल्स," ती मुलाला, विनीच्या नवऱ्याला, म्हणाली, "वास येतोय."

"कसला?"

"तोच."

मायल्सनं हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. "आई, आठ दिवस पाऊस लागून राहिलाय. चर तुंबलाय. चराचा वास आहे तो."

"चर मला माहीत आहे. चर घाण मारतो. ह्या वासाला गोडी आहे. जा, बघून ये."

विनी घरात येऊन हंडा घासायला लागली. तीन पायांचा तो मोठा हंडा तिनं आदल्या दिवशीच घासून ठेवला होता. सेलिया पांढऱ्या एप्रनची गाठ मागं बांधत आरशासमोर उभी होती आणि ल्यूक जेनिंग्जला हसताना दात दाखवावेत की नाही, याचा विचार करत होती.

"वहिनी, घासून घासून भोक पाडशील त्याला," ती म्हणाली.

तेवढ्यात मायल्स दारात आला. त्याच्या हातात फावडं होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"चराकडची पाच-सहा झाडं काळी पडलीत."

"आणि खाली?" ओनोरानं विचारलं.

"खाली काही नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे बटाटाच नाही आई. नुसती माती."

ओनोरा भिंतीला हात लावून खाली बसली. बसताना तिनं जागा चाचपली नाही, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. "विरघळले," ती म्हणाली. "आमचेही असेच विरघळले होते. सकाळी झाड उभं, संध्याकाळी हात घातला तर चिखल. सगळं खणा. आत्ता."

"आज? रविवारी? आणि फेस्टस वाटेवर असेल."

"फेस्टसला परत पाठवा."

सेलियाच्या हातातून गाठ सुटली. "आई."

"बटाटे अजून गोटीएवढे आहेत आई," मायल्स म्हणाला. "आत्ता खणले तर निम्मं पीक जाईल."

"निम्मं जाईल म्हणजे निम्मं राहील. मी निम्म्यावर जगलेली बाई आहे. तुझे मामा पूर्ण पिकाची वाट बघत बसले होते."

मायल्सनं एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि फावडं उचललं. विनीनं तेवढ्यात हिशेब केला. तीस वाफे आज गोटीएवढे खणले, तर मार्चमध्ये मुलांच्या तोंडात काय घालायचं? सेलियाचं मोडलं तर ती जन्मभर ह्याच चुलीशी. आणि हे सगळं कशापायी, तर चौदा बटाट्यांपायी, ज्यांचं काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं. बोलली तर किल्ली गेली. न बोलली तर पीक गेलं. विनी वाईट बाई नव्हती. अशा वेळी ते महागात पडतं.

"थांबा," ती म्हणाली. "ते बटाटे मी काढले."

कुणालाच काही कळेना, म्हणून तिला सगळं सांगावं लागलं. पीटरचं ओकणं, हातानं उकरणं, रोपं परत खोचणं. मुळं तुटलेली रोपं दहा दिवसांत काळी पडणारच. हे सांगताना तिचे कान तापले.

मग मायल्स हसला. भीती उतरली की माणूस हसतो तसा, जरा जास्तच. "रोपं परत उभी केलीस? अगं, त्यांना टोप्या तरी घालायच्या होत्यास."

"वहिनी, चोर निघालीस की तू," सेलिया रडता रडता हसत म्हणाली.

"हे फेस्टसच्या कानावर गेलं तर चोराच्या घरची पोरगी ठरशील तू. दात झाक," मायल्स तिला म्हणाला आणि शीळ घालत जेवणापुरते बटाटे खणायला गेला. वरच्या वाफ्यांतले काढतो म्हणाला, तिथले मोठे आहेत.

ओनोरा हसली नव्हती. ती कमरेची किल्ली चाचपत होती.

"किल्ली विसर," ती विनीला म्हणाली.

"हो."

"आणि एक ऐकून ठेव. मी काही झाडं पाहिली नव्हती. मला झाडं दिसत नाहीत. मला वास आला होता."

विनीनं हंडा चुलीवर चढवला. बाहेर मायल्सची शीळ चालू होती, आणि शिळेवर विश्वास ठेवणं सोपं होतं.

फेस्टस दुपारी आला तो सहा हेरिंग दोरीत ओवून, आणि त्यामागं मुलगा. समुद्रकाठचा माणूस, हात जाळ्यांनी चिरलेले, नजर मात्र गुरांच्या बाजारातली.

"काय ओनोरा, नाक शाबूत आहे का अजून?"

"तू दारात यायच्या आधी कळलं मला, फेस्टस. हे हेरिंग परवाचे आहेत."

"कालचे."

"परवाचे."

"बरं, परवाचे," फेस्टस बसत म्हणाला. "हा माझा ल्यूक. बोलत नाही तो. त्याची आई त्याच्या वाटणीचंही बोलून गेली. पण वल्हं मारतो, आणि जेवताना कुरकुर करत नाही."

पाहुण्यांसाठी आज हाड नव्हतं. हंडा उतरला, पाणी चरात ओतलं, हंड्याच्या तोंडावर टोपली ठेवून त्यात वाफाळते बटाटे उपडे केले. मधे लोण्याची वाटी, मीठ घातलेल्या पाण्याचं भांडं, ताकाचा लाकडी पेला सगळ्यांत फिरता. ओनोरानं पहिला बटाटा हातात घेतला आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "पुढच्या वर्षी ह्याच दिवशी आपण सगळे जिवंत असू दे." सगळे म्हणाले, असू दे. तिनं तो बटाटा नाकाशी नेला. ओनोरानं बटाटा तसाच टोपलीत परत ठेवला.

"जेवत नाहीस, ओनोरा?" फेस्टसनं विचारलं.

"मुलगी जायची म्हटल्यावर घास उतरत नाही," ओनोरा म्हणाली, आणि ते फेस्टसला आवडलं.

सगळ्यांची अंगठ्याची नखं कामाला लागली. त्या मुलखात अंगठ्याचं नख वाढवायचं ते बटाटे सोलायलाच. साल काढायची, आपल्या पुढ्यात टाकायची, बटाटा मिठात बुडवायचा, खायचा, पुन्हा टोपलीत हात. जेवण झालं की प्रत्येकापुढची सालींची रास ओनोरा ओटीत गोळा करायची, कोंबड्यांसाठी. गोळा करता करता बोटांनी मोजायचीही. कुणी किती खाल्लं हे तिला त्यावरून कळायचं, आणि तिला कळतं हे सगळ्यांना कळायचं.

"चराकडची झाडं काळी दिसली येताना," फेस्टस हेरिंगचा काटा काढत म्हणाला.

सेलियाचा हात थांबला.

"पाणी साचलंय तिथं," मायल्स म्हणाला. "पाच-सहा रोपं गेली. दहा फुटांचाही तुकडा नाही तो."

"पाणी," फेस्टस म्हणाला. "तुमच्याकडे पाणी फार. आमच्याकडे वाळू. आमचा बटाटा लहान, पण त्याला पोहता येतं." तो आपल्याच विनोदावर हसला आणि मग जरा पुढं सरकला. "तर मग. हुंड्याची तांबडी गाय आणि पोरगी. गाय आजच नेतो. फादर बुधवारी आमच्या देवळात येतायत, त्यानंतर महिनाभर नाहीत. बुधवारी सकाळी उरकून टाकू. बरोबर?"

ह्याच वेळी विनीनं अकरावा बटाटा उचलला. बाहेरून गोरा, गोल, वरच्या वाफ्यातला. अंगठ्याचं नख सालीत गेलं आणि ज्या जागी ते घट्ट अडायला हवं होतं, तिथं ते बुडालं. सालीखाली गंजाच्या रंगाची एक रेघ होती. रेघेतून वास आला. गोड.

तिनं मान वर केली. फेस्टसनं सौदा पक्का करायला तळहातावर थुंकी टाकली होती आणि हात पुढं धरला होता. मायल्सचा हात निम्म्या वाटेवर होता. सेलिया ल्यूककडे बघत होती आणि ल्यूक, बोलत नसलेला ल्यूक, तिच्याकडे बघून दात दाखवत होता. सकाळी विनी एकदा खरं बोलली होती. सगळे हसले होते, आणि त्या हसण्यावर हे जेवण उभं होतं. आता ती पुन्हा बोलली तर? हीच बाई सकाळी म्हणत होती की काळं पडलेलं आपण केलं, आता म्हणतेय रोग आलाय. कुठल्या तोंडानं?

तिनं मूठ मिटली, मूठ तोंडाशी नेली आणि तो बटाटा सालीसकट तोंडात घालून गिळला. जिभेवर ओल्या राखेसारखं काही पसरलं. तिनं वरून ताक प्यायलं. हाताला हात लागल्याचा आवाज झाला, फेस्टस म्हणाला, "झालं मग," आणि ओनोराचं तोंड, डोळ्यांवर पडदा असलेलं, विनीकडे वळलेलं होतं.

गाय गेली. गाईमागून सेलिया वळणापर्यंत गेली आणि परत येऊन एकटीच हसत बसली. मायल्स पाहुण्यांना पोचवायला डोंगराच्या खिंडीपर्यंत गेला होता. त्या मुलखात जुलैतला सूर्य आठ वाजून गेले तरी मावळत नाही. दारातून उजेड आडवा आत येत होता आणि त्या उजेडात ओनोरा साली गोळा करत होती.

"किती खाल्लेस?" तिनं विनीला विचारलं.

"दहा."

"हात अकरा वेळा गेला तुझा टोपलीत. टोपलीचा काठ वाजतो. साली दहाच आहेत."

विनी टोपली पुसायला लागली.

"नऊ वर्षांत तू एक बटाटा न सोलता खाल्लेला नाहीस. माहेरचा नखरा. वरच्या वाफ्यातला होता?"

"ह्यांनी सगळे वरूनच आणले."

"मग ते वर पोचलं." ओनोरानं ओटी झटकली. "चव कशी होती?"

"राखेसारखी."

"हो. राखेसारखीच."

"मी ह्यांना सांगते," विनी उठत म्हणाली. "अजून दोन तास उजेड आहे. आत्ता लागलो तर—"

"बस खाली."

विनी बसली.

"आज खणायला लागलात तर उद्या दुपारपर्यंत डोंगरापलीकडे कळेल. फेस्टस गाय आणून दारात बांधेल आणि पोरगी इथंच राहील. त्याच्याकडे जाळी आहेत, ओटचं धान्य आहे. बटाटे त्याचेही जातील, पण समुद्राला करपा लागत नाही. माझे दोन भाऊ डोंगराच्या ह्या बाजूला मेले, विनी. त्या बाजूला लोक वाळले, पण मेले नाहीत."

"आणि माझी दोन पोरं?"

"तीन दिवस. बुधवारी सकाळी लग्न, दुपारी फावडं."

"तीन दिवसांत किती वाफे जातील?"

"पोरगी तुझी असती तर विचारलं असतंस का हे?"

ओनोरानं कमरेची गाठ सोडली आणि किल्ली विनीच्या मांडीवर ठेवली. ती कोमट होती.

"सकाळी तर म्हणालात, किल्ली विसर."

"सकाळी तू खरं बोललीस. त्याचा मला काही उपयोग नव्हता."

सोमवारी धुकं उतरलं ते उठलंच नाही. मायल्स दुपारच्या जेवणाला आला तेव्हा टोपीवरून पाणी गळत होतं. तो चुलीजवळ बसला नाही.

"तिसऱ्या वाफ्यात चार झाडं काळी आहेत," तो म्हणाला. "तू म्हणालीस, चराकडचाच वाफा."

ओनोराच्या विणायच्या सुया थांबल्या. विनी हंड्यातून बटाटे काढत होती. वाफेनं तोंड झाकलं गेलं ह्याचं तिला बरं वाटलं.

"तिथलीही मीच काढली."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"आणि काल सांगितलं नाहीस."

"लाज वाटली."

मायल्सनं ओली टोपी काढून पिळली. काल तो हसला होता ते त्याला आता महाग वाटत असावं. "आणखी कुठं?"

उद्या काय काळं पडेल हे विनीला माहीत नव्हतं. पण उद्याचं आजच सांगून ठेवलेलं बरं, एवढं तिला कळलं. "पाचव्यात," ती म्हणाली. "आणि सातव्यात."

"किती खाल्लंस गं तू?"

तो ओरडला असता तर परवडलं असतं. त्यानं ते हळू विचारलं, घाण वाटल्यासारखं. मग त्यानं आपले बटाटे टोपलीतून उचलले आणि दारात उभ्यानं खाल्ले. चोरीच्या जागेत फावडं कशाला घालायचं म्हणून त्यानं खाली बटाटे आहेत की नाहीत हे बघितलंही नाही. सुया पुन्हा चालू झाल्या.

मंगळवारी विनी पहाटे आणि दुपारी वाफ्यांपाशी जाऊन आली. पाचवा आणि सातवा तर होतेच, पण आठवा, बारावा, पंधरावाही. पानांच्या कडा भाजल्यासारख्या, खालून पांढरी बुरशी. ती ठिपके पडलेली पानं तोडून एप्रनमध्ये भरायची आणि चुलीत घालायची. दोन फेऱ्यांनंतर तिला कळलं की आपण समुद्र ओंजळीनं उपसतोय. तरी तिनं तिसरी फेरी केली. ओनोरा दाराशी उभी असायची. ती काही विचारत नव्हती. तिला दारातूनच कळत होतं.

"वाफ्यांना मीठ लावतेस का गं वहिनी?" सेलिया म्हणाली. "सारखी तिकडेच." तिला सर्दी झाली होती. देवानं तिच्यापुरती एवढी सोय केली होती.

बुधवारी सकाळी समुद्रकाठच्या देवळात लग्न लागलं. सेलियानं विनीला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "चोर असलीस तरी तुझीच आठवण येईल." तिथल्या जेवणात ओट होते, मासे होते, आणि ल्यूक दोन वाक्यं बोलला. परतताना खिंड ओलांडली आणि मायल्सनं घोडं थांबवलं. आता नाकाची गरज नव्हती. सगळं खोरं त्या वासानं भरलं होतं, आणि उतारावर जिथं हिरवं शेत होतं तिथं कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं होतं.

ते लग्नाच्या कपड्यांतच खणायला लागले. पीटर आणि त्याची बहीण रोझी बटाटे वेचत होती; हातात धरला की फुटायचा, मग मुलं हात गवताला पुसायची आणि पुढचा उचलायची. शनिवारपर्यंत खणणं चाललं. तिसातले सात वाफे धड निघाले.

"आई रविवारी म्हणाली तेव्हा खणलं असतं," मायल्स फावड्यावर हात टेकून म्हणाला, "तर वीस आले असते. गोटीएवढे, पण वीस." मग तो आईकडे वळला. "तुझं खरं होतं आई. हिच्या चोरीनं माझे डोळे बांधले."

विनीनं ओनोराकडे बघितलं. ओनोराला ते बघणं दिसत नव्हतं, पण पोचलं असावं. तिचे ओठ हलले. मग तिनं ते मिटले, आणि विनीनं आपले. सेलियाचं लग्न आठवड्याचंही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आता ते सांगून एक वाफाही परत येणार नव्हता. मायल्सला ते पुढंही कळलं नाही.

अशा रीतीनं विनीला चारही गोष्टी मिळाल्या. किल्ली कमरेला आली. पेटीत मक्याचं पीठ दोन बोटं होतं. नणंद गेली. भिंतीकडची बैठक ओनोरानं आपण होऊन सोडली आणि दाराजवळ स्टूल घेतलं, वास घ्यायला सोपं म्हणून. आणि बटाटे विनी आपल्या मनासारखे उकडायला लागली. हाड ठेवून. पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता.

माणशी सहा, असं तिनं ठरवलं. मुलांना चार. सालींची मोजणीही आता तिच्याकडेच होती.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती ओनोराच्या पुढ्यातल्या साली ओटीत घेत होती. सहा होत्या. हिशेब बरोबर होता, पण बोटं अडली. ओनोरा साल काढायची ती एका लांब फितीत, न तोडता. आंधळी असून कधी फीत तुटायची नाही. ह्या साली तुकड्या-तुकड्यांच्या होत्या. एकीवर बारीक दातांच्या खुणा होत्या. विनीनं वर बघितलं. पीटर आणि रोझी तोंड पुसत होती. त्यांच्या पुढ्यात त्यांच्या आठ साली निराळ्या होत्या, आणि त्याही अशाच तुकड्यांच्या.

"पोट भरलं का आई?" विनीनं विचारलं.

"भरलं."

विनीनं साली ओटीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा, पुन्हा तुकड्यांच्या. तिसऱ्या दिवशी तिनं मोजताना बोटं सालींवरून फिरवली नाहीत, नुसतं डोळ्यांनी मोजलं. पीटरच्या गालावर थोडा रंग आला होता. सेलियानं डोंगरापलीकडून दोनदा हेरिंग पाठवले. त्याचे काटे ओनोराच्या पुढ्यात पडत, मासा पडत नसे. मायल्सच्या लक्षात आलं नाही. तो अजून दारात उभ्यानंच जेवत होता. आणि ओनोरा विनीकडे तोंड करून बसायची, आता मोजणारी तू आहेस, बोल काही, असं म्हटल्यासारखी. विनी बोलली नाही. एकदा खरं बोलून काय होतं ते तिनं बघितलं होतं.

नाताळाला दहा दिवस असताना ओनोरा दाराजवळच्या स्टुलावरून उठली नाही. सेलिया मातीला आली ती अंगानं भरलेली, लाल गालांची. येताना तिनं अर्धी पिशवी ओट आणले होते. आईच्या मनगटाला हात लावून तिनं भावाला विचारलं, ही काय खात नव्हती का रे? मायल्स म्हणाला, आमच्याइतकंच खात होती. विनीनं मान डोलावली.

मातीला आलेले पाहुणे गेल्यावर चौघं जेवायला बसली. हंडा उतरला, टोपली ठेवली, ताकाचा पेला फिरला. जेवण झाल्यावर विनी उठली आणि साली गोळा करायला लागली. मायल्सपुढं सहा. तिच्यापुढं सहा. पीटरपुढं चार, रोझीपुढं चार. किती दिवसांनी साली ज्याच्या त्याच्या पुढ्यात होत्या.